रबराचे कान

“काका, हे काय आहे?” केतकीने विचारलं.

“कान.”

“माणसाचे?”

आबांनी प्लास्टरच्या त्या टकल्या डोक्याकडे पाहिलं, मग केतकीकडे. डोकं झकास उतरलं होतं. नाक सरळ, कपाळ रुंद, हनुवटी भरलेली. एखादा बँक मॅनेजर जेवणानंतर डोळे मिटून बसलाय असं वाटावं. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना जे रबराचे कान चिकटवले होते, ते सुपाएवढे होते. खाली निमुळते, आणि डाव्याची कड हलकेच पुढे दुमडलेली.

“थोडे मोठे झालेत,” आबा म्हणाले.

मी हातातली सोनेरी रंगाची वाटी खाली ठेवली आणि मागच्या पडवीत जाऊन पोटभर हसून आले. परत आले तेव्हा आबा ते कान उपटत होते आणि केतकी, गुणाची पोर, गंभीर चेहऱ्याने त्यांना मदत करत होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी समेळांच्या घरात बऱ्यापैकी जुनी सून होते. म्हणजे कोणाच्या चहात साखर किती हे विचारायची गरज उरली नव्हती, आणि माझं मत विचारायची पद्धत अजून पडली नव्हती. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. सासरे, म्हणजे आबा, त्याचे सर्वेसर्वा. माझा नवरा शैलेश बाहेरची कामं बघायचा. सासूबाई सगळ्यांवर लक्ष ठेवायच्या. आणि मी रंग द्यायचे.

केतकी पुण्याची. ती श्रुतिका तयार करायची, पण साध्या नव्हेत, हेडफोन लावून ऐकायच्या. पहिल्या दिवशी तिने आम्हाला चहाबरोबर सगळं समजावलं होतं.

“हेडफोन लावून गाणं ऐकलं की आवाज कुठे असतो, काकू? डोक्याच्या आत. दोन कानांच्या मधोमध. पण खरा आवाज असा डोक्यात थोडाच असतो? तो बाहेर असतो. समोर, मागे, खिडकीपाशी. मला तसं ऐकवायचंय. डोळे मिटले की पात्रं तुमच्याभोवती फिरताहेत असं वाटलं पाहिजे.”

“आमच्याकडे ती काही न लावताच फिरतात,” सासूबाई आबांकडे बघत म्हणाल्या.

तर त्यासाठी तिला हवं होतं माणसाच्या डोक्यासारखं डोकं, त्याला माणसासारखे मऊ कान, आणि कानांच्या भोकांत बसवायला हरभऱ्याएवढे माइक. असलं डोकं परदेशात तयार मिळतं, पण ते तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. कोणीतरी तिला सांगितलं, पेणचे मूर्तिकार रबराचे साचे असे काढतात की सोंडेवरची सुरकुतीसुद्धा सुटत नाही. ती तडक आमच्या दारात.

“हात्तिच्या, कान ना?” आबा म्हणाले होते. “जन्म गेला माझा कान करण्यात.”

ते खरंच होतं. फक्त त्यातला एकही माणसाचा नव्हता. काही उंदराचे होते.

पण त्या हंगामात आमच्या घरात धुसफूस चालू होती ती वेगळ्याच कारणाने. आखणीवरून. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात, त्याला आखणी म्हणतात. पितांबर कोणीही रंगवावं, दागिन्यांना सोनेरी कोणीही लावावी, पण आखणी बिघडली की मूर्ती गेली. आमच्याकडे आखणी आबांची. त्यांच्या वडिलांच्या पश्चात दुसऱ्या कोणाचा कुंचला डोळ्यांना लागलेला नव्हता. आणि आता आबांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, “हंगाम होऊ दे.” मागल्या वर्षी रोह्याचं एक गिऱ्हाईक विसर्जनानंतर मुद्दाम सांगायला आलं. “आबा, मूर्ती देखणी होती, पण बाप्पा आमच्याकडे बघतच नव्हते हो. शेजारच्या जोशांच्या दाराकडे बघत होते. बढतीसुद्धा त्यांनाच मिळाली.”

मला ती आखणी हवी होती. इतकी हवी होती की झोपेत माझी बोटं पांघरुणावर बुबुळं काढायची. दुपारी जेवणं होऊन घर आडवं झालं की मी मागच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे आणि टवका उडालेल्या, टाकाऊ मूर्तींवर डोळे काढायचे. काढायचे, बघायचे, आणि कोणी यायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. शैलेशलाही ठाऊक नव्हतं.

एकदा धीर करून मी आबांना म्हटलं, “आबा, एक मूर्ती मला देऊन तर बघा.”

“हमरापूरचा गजानन येतोय पुढल्या महिन्यात,” आबा म्हणाले. “आखणी तो करेल. बोलणं झालंय. तू सोनेरी आटप.”

म्हणजे आखणी घराबाहेर गेली तरी चालेल, पण सुनेकडे नको. मी आतल्या आत जळफळले आणि सोनेरी लावत बसले. त्या दिवशीच्या सगळ्या गणपतींना दागिने जरा जास्तच पडले.

सुपाएवढे कान उपटून टाकल्यावर आबांनी माणसाच्या कानाचा अभ्यास सुरू केला. सुरुवात घरापासून. शैलेश चहा पीत बसला होता, त्याची हनुवटी धरून त्यांनी मान उजेडाकडे वळवली.

“तुझे तुझ्या मामावर गेलेत. नकोत.”

“अहो, पण माझ्या भावाच्या कानांना काय झालंय?” सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

मग आबा बाहेर पडले. मोहनराव आमच्या आळीतले सलूनवाले. कान बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली? दुसऱ्याच दिवशी मोहनराव दारात सासूबाईंपुढे हजर. “वहिनी, आबांना आवरा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हे बाजूला येऊन वाकून बघतात. एक जण तर अर्धे केस कापून झालेले असताना उठून गेला.”

एस.टी. स्टँडवर तर प्रकरण हातघाईवर येणार होतं. रांगेतल्या एका बाईच्या कानाकडे आबा टक लावून उभे. तिचा नवरा पुढे आला. “काय बघताय?”

“कान.”

“कशाला?”

“तुमच्यापेक्षा बरे आहेत म्हणून,” आबा म्हणाले. शैलेश बरोबर होता म्हणून ते धडपणी घरी आले.

घरात हळूहळू सगळ्यांनाच आपापल्या कानांची जाणीव व्हायला लागली. सासूबाईंनी ठेवणीतल्या मोत्यांच्या कुड्या काढल्या आणि जेवायला वाढताना त्या आबांसमोर जरा तिरक्या बसू लागल्या. शैलेशने कानावरचे केस बारीक करून घेतले. मोहनरावसुद्धा येता-जाता टोपी काढून हातात धरायला लागले. मी या शर्यतीत नव्हते. पॉलिश पेपरने मूर्ती घासायच्या म्हणजे पांढरी धूळ उडते, म्हणून कारखान्यात मी दिवसभर डोक्याला, कानांवरून घट्ट फडकं बांधून असे.

आणि मग एक दिवस आबांनी शोध थांबवला. आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. आत मातीवर मान घालून बसले. जेवायला बाहेर यायचे, कोणाशी न बोलता जेवायचे आणि पुन्हा आत. त्यांचे डोळे धड साथ देत नव्हते, त्यामुळे बहुतेक काम त्यांनी बोटांनीच केलं असावं. साचा झाला, रबर ओतलं गेलं, आणि ते बाहेर आले तेव्हा बँक मॅनेजरला माणसाचे कान फुटले होते.

काय कान होते! पाळी पातळ, वरची कड बारीक वळलेली, आतल्या वळ्या अशा की बोट फिरवावंसं वाटावं.

“कोणाचे, आबा?” शैलेशने विचारलं.

“डोक्याचे,” आबा म्हणाले.

झालं, घरात तर्कांना ऊत आला. सासूबाईंनी पाळी चिमटीत धरून बघितली आणि जाहीर केलं, “ही आमच्या माहेरची पाळी. सावंतांची.” शैलेशने आरशासमोर उभं राहून मान दोन्ही बाजूंना वळवली आणि वळ्या आपल्याच आहेत, असं ठरवून टाकलं. मोहनराव म्हणाले, “मी काही म्हणत नाही. पण आबा आमच्याकडे बरेच दिवस बसून होते.”

शनिवारी केतकी आली. तिने कान पाहिले आणि पाहतच राहिली. “काका, अप्रतिम!” मग तिने तो वाद ऐकला आणि हसायला लागली. “अहो, भांडता कशाला? कान कोणाचे ते आत्ता कळेल.”

“कसं?”

“आवाज कानाच्या या वळ्यांमधून जाताना थोडा बदलतो. समोरून आलेला वेगळा बदलतो, मागून आलेला वेगळा. प्रत्येकाच्या वळ्या निराळ्या, म्हणून हा बदलही निराळा. आपल्या मेंदूला आपल्याच कानांची सवय असते. दुसऱ्याचे कान लावले की तो गोंधळतो. डावं-उजवं कळतं, पण समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, नाहीतर डोक्यातच वाजतो. ज्याचे कान असतील त्याला मात्र समोरचा आवाज समोर ऐकू यायला हवा.”

हे ऐकून सासूबाईंनी पदर खोचला.

केतकीने डोकं माजघरात चौरंगावर ठेवलं, कानांच्या भोकांत माइक बसवले आणि हातात काडेपेटी खुळखुळवत ती त्याच्याभोवती कधी इकडे, कधी तिकडे जाऊन उभी राहिली. आम्हाला श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायची बंदी होती. रेकॉर्डिंग झालं. मग खुर्ची मांडली गेली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर आबांचं उपरणं, कानांवर हेडफोन, आणि काडेपेटी जिथे वाजेल तिकडे बोट दाखवायचं.

पहिला शैलेश. डावीकडे बरोबर, उजवीकडे बरोबर. मग त्याने अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.

“ही समोरची होती,” केतकी म्हणाली.

“शक्यच नाही. ती मोरीपाशी होती!”

मोहनरावांनी बराच वेळ बोट वरच केलं नाही. शेवटी टाळूवर ठेवलं. “इथं वाजतेय. आत.”

मग सासूबाई बसल्या. त्यांनी आधीच सगळा विचार करून ठेवला होता. काडेपेटी कुठेही वाजली तरी त्यांचं बोट नाकासमोर.

“काकू, ही उजवीकडची होती.”

“उजवीकडचीच. पण समोरची उजवीकडची.”

मग खरी समोरची वाजली, आणि सासूबाई खुर्चीत गर्रकन वळल्या. “कोण रे ते मागे? मोहनराव, तुम्ही का?”

केतकीने स्वतः ऐकलं. तिलाही मागून. आबांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं, त्यांनीही मागे बोट दाखवलं, पण हात जरा रेंगाळत वर केला, जणू त्यांना ते आधीच माहीत होतं.

“काका,” केतकी चाचरत म्हणाली, “कान दिसायला फार सुंदर आहेत. पण समोरचं कोणालाच समोर ऐकू येत नाहीये. निदान ज्याचे कान बघून केलेत त्याला तरी...”

“कान बरोबर आहेत,” आबा म्हणाले.

“मग ज्याचे आहेत त्याला बोलवा ना!” सासूबाई म्हणाल्या. त्या अजून खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

आबांनी तपकिरीची डबी उघडली.

“मंजिरीताई राहिल्यात,” दारातून बघणाऱ्या माझ्याकडे वळून केतकी म्हणाली.

“तिला कशाला?” आबा घाईघाईने म्हणाले. “तिला काम आहे. सोनेरी वाळेल.”

“वाळायलाच लावतात ती,” सासूबाई म्हणाल्या. “मंजिरी! ये गं इकडे. हे एकदाचं संपव.”

मी डोक्याचं फडकं सोडलं, हात पुसले आणि खुर्चीत बसले. उपरण्याला आबांच्या तपकिरीचा वास होता. हेडफोन लावल्यावर आधी नुसती शांतता ऐकू आली, पण माजघराची. भिंती कुठे आहेत ते कळावं अशी शांतता. मग काडेपेटी डावीकडे खुळखुळली, मी बोट दाखवलं. मागे वाजली, दाखवलं. मग ती समोर वाजली. माझ्या छातीच्या उंचीवर, हात पुढे केला तर हाताला लागेल इतक्या जवळ. मला वाटलं, केतकी रेकॉर्डिंग बंद करून खरीच काडेपेटी घेऊन पुढ्यात आलीये.

“अगं, इतक्या जवळ नको गं,” मी म्हटलं आणि ती काढून घ्यायला हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही. मी आणखी पुढे वाकून चाचपलं. काडेपेटी वाजत होती, तिथेच, माझ्या बोटांच्या जागी.

मी उपरणं आणि हेडफोन ओढून काढले. केतकी माजघराच्या पार दुसऱ्या टोकाला लॅपटॉपपाशी बसली होती. तिच्या हातात काहीही नव्हतं, तोंड मात्र उघडं होतं. शैलेश माझ्याकडे बघत होता. मोहनराव चौरंगावरच्या डोक्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा डोक्याकडे.

“ताई,” केतकी म्हणाली, “हे कान तुमचे आहेत.”

“काय?” सासूबाई. “अहो! इतकी वर्षं संसार केला मी तुमच्याशी, आणि कान सुनेचे?”

“अगं, तुझे कान मी बघितले कधी?” आबा म्हणाले. “तू जन्मभर माझ्या समोर उभी राहून बोलत आलीस.”

मोहनराव खो-खो हसायला लागले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना सलून उघडं टाकून आल्याचं आठवलं आणि ते निघून गेले.

मला हसू आलं नाही. कान असा हुबेहूब करायचा तर तो बाजूने, चांगल्या उजेडात आणि खूप वेळ बघायला हवा. आणि कारखान्यात माझे कान कोणाला दिसतच नव्हते.

“आबा,” मी म्हटलं, “माझ्या डोक्याला दिवसभर फडकं असतं.”

“मागच्या खोलीत नसतं,” आबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. प्लास्टरच्या डोक्यावरची नसलेली धूळ झटकत होते. “दुपारी मला झोप येत नाही. दारात येऊन उभा राहतो, तुझ्यापासून दोन हातांवर. तुला कळायचं नाही, तुझं लक्ष डोळ्यांत.”

पुसून टाकलेली ती सगळी बुबुळं! मला वाटायचं, ती मी एकटीने पाहिलीत.

“कधीपासून बघताय?”

“मागच्या हंगामापासून. उजवं बुबुळ तू जरा वर न्यायचीस.” आबांनी डोक्याचा कान नीट बसवला. तो नीटच होता. “आता नाही नेत.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं मला येतं ते? मग मला का दिली नाहीत? परक्या माणसाला बोलावलंत, पण मला...”

“तुला दिली की मी काय करू?” आबा एकदम मोठ्याने म्हणाले. “सोनेरी लावू?”

तो राग माझ्यावर नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं आणि सासूबाईंच्याही. कारण त्या उठल्या, आत गेल्या आणि आबांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आबा घटाघट पाणी प्यायले. मिशा पुसल्या.

“गजानन आला असता तर हंगाम संपल्यावर गेला असता,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “आखणी पुन्हा माझ्याकडे आली असती. तुला दिली की ती परत यायची नाही. तू माझ्यापेक्षा बरी करतेस.”

आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते त्यांनी तक्रार केल्यासारखं केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते मी आबांच्याच उपरण्याने पुसलं. शैलेशने इतका वेळ खिशात चाचपत असलेला मोबाइल बाहेर काढला.

“आबा, गजाननला काय कळवू?”

आबांनी चौरंगावरच्या त्या डोक्याकडे पाहिलं. “कळव,” ते म्हणाले, “जागा भरली.”

केतकी डोकं पुण्याला घेऊन गेली. जाताना म्हणाली, चूक कानांची नाहीच, फक्त ते जरा जास्तच एका माणसाचे झालेत. पुढे तिच्या श्रुतिकांचं नाव झालं. सासूबाईंना मात्र आबांचं ते ‘समोर उभी राहून’ फार लागलं. पुढचे कितीतरी दिवस त्या आबांशी बोलताना मुद्दाम बाजूला उभ्या राहायच्या, आणि आबा मान वळवून वळवून बेजार व्हायचे.

सोमवारी सकाळी मी आळीच्या मंडळाच्या गणपतीपुढे बसले. मूर्ती माझ्यापेक्षा उंच, म्हणून स्टुलावर. सगळं रंगवून झालं होतं, फक्त डोळ्यांच्या जागा पांढऱ्या. मी कुंचला काळ्या रंगात बुडवला, ओठांत धरून टोक केलं आणि मूर्तीजवळ नेला. मी तो खाली घेतला. पुन्हा वर नेला. पुन्हा तेच. आता पुसायला ओलं फडकं नव्हतं.

“श्वास सोड,” आबांचा आवाज आला. “मग रेघ. डावा आधी.”

माझ्या उजव्या खांद्यामागे, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते ते. मी न बघता सांगू शकले असते. मी श्वास सोडला आणि डाव्या डोळ्याची पहिली रेघ ओढली.